प्रकल्पाची शेवटची तारीख पहिल्या दिवशी ठाऊक असते. त्यावर राबणाऱ्यांचं पुढचं कधी ठरवायचं?

खाजनकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका उच्चशिक्षण संस्थेत मी शिकवते आणि संशोधन प्रकल्पही चालवते. संस्थेचं नाव घेत नाही, कारण इथे जे सांगणार आहे त्यात चूक माझीच जास्त आहे.

गेल्या ३१ मार्चला माझा खाजनांवरचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनींवरचा, प्रकल्प संपला. चार वर्षं त्यावर काम केलेली प्रोजेक्ट असोसिएट संध्याकाळी पाचच्या सुमाराला किल्ल्या द्यायला आली. कपाटाच्या दोन, कोल्ड रूमची एक. मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, एक्सपीरियन्स लेटर तेवढं द्याल?" संगणकावर जुना नमुना होता. नाव, प्रकल्प क्रमांक आणि तारखा बदलल्या. शेवटी 'काम समाधानकारक होते' अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य होतंच. पाच मिनिटांत पत्र तयार झालं, सही केली, दिलं.

जूनमध्ये तिची एके ठिकाणी मुलाखत झाली. समोरच्यांनी विचारलं, "चार वर्षं नेमकं काय केलंत?" ती सांगत राहिली आणि ते पत्राकडे बघत राहिले. पत्रात काहीच नव्हतं. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

आता ती काय करत होती ते ऐका. खाजनातून काढलेला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग मायक्रोस्कोपखाली ट्रिपल झिरोच्या ओल्या ब्रशने फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जिवांचं एकेक कवच उचलून स्लाइडवर मांडायचं. एका नमुन्यामागे निदान ३०० कवचं, आणि प्रत्येकाची प्रजात ओळखायची. खारं पाणी शेतात कधी शिरलं आणि किती काळ राहिलं, याचा पुरावा त्या कवचांत असतो. सुरुवातीला एका नमुन्याला तिचे चार दिवस जायचे, शेवटी दीड दिवसात व्हायचा. एमएस्सीच्या सहा मुलांना हे काम तिनेच शिकवलं. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून होडीवाल्याशी वेळ ठरवणं, कोटेशन मागवणं, बिलं लावणं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या कधी काढतात हे शेतकऱ्यांना विचारून वहीत टिपणं, सगळं तिच्याकडे. यातला एक शब्द मी पत्रात लिहिला नाही. दोन शोधनिबंधांत तिचं नाव आहे, पण तिने नेमकं काय केलं हे तिथेही कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. मंजुरीपत्र हातात येतं त्याच दिवशी प्रकल्प कधी संपणार हे कळतं. उपकरणांचं पुढे काय, डेटा कुठे ठेवायचा, हे आपण आधीच ठरवतो. माणसाचा विचार मात्र शेवटच्या महिन्यात, तोही त्याने स्वतःहून विचारलं तर.

ब्रिटनमध्ये यावर विद्यापीठं आणि निधी देणाऱ्या संस्था यांचा एक लेखी करार आहे. कंत्राटी संशोधकांसाठी पहिला १९९६ मध्ये झाला, २००८ मध्ये नवा आला, २०१९ मध्ये तो पुन्हा सुधारला. प्रत्येक संशोधकाला स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी वर्षाला किमान दहा दिवस मिळाले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. जबाबदाऱ्याही वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: संस्थेची कोणती, निधी देणाऱ्यांची कोणती, संशोधकाच्या वरिष्ठाची कोणती आणि खुद्द संशोधकाची कोणती. मला त्यातलं पटलं ते हे, की 'तुमची काळजी घेऊ' असं मोघम न म्हणता दिवस मोजून दिलेत. मोजलेले दिवस मागता येतात.

नव्या प्रकल्पात मी सुरुवात केली आहे. रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत तासभर बसून एक कागद भरतो. दर तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढतो. वर्षाचे दहा दिवस आधीच कॅलेंडरवर टाकतो, कारण 'वेळ मिळाला की' म्हटलं तर तो मिळत नाही. आणि शेवटचे सहा महिने नवं फील्डवर्क तिच्यावर टाकायचं नाही, त्या काळात लिहिणं आणि अर्ज करणं.

इथे विद्यापीठातले आणि दोनापावला, वास्को, फर्मागुडीच्या संस्थांतले बरेच जण वाचतात असं दिसतं. तुमच्याकडे कसं चालतं? आणि जे स्वतः प्रकल्पावर आहेत त्यांनी नक्की लिहा. नाव न घालता लिहिलंत तरी चालेल.

आबोली_७

मॅडम, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही. मी तुमच्या त्या मुलीच्या जागी आहे. तिसरं वर्ष चालू आहे, सप्टेंबरमध्ये प्रकल्प संपतो. एक्स्टेन्शन मिळेल असं सर म्हणतात. मिळेलही. पण "मिळेल" या शब्दावर घरभाडं ठरत नाही.

त्या दहा दिवसांबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट लिहिते. गेल्या वर्षी आम्हाला पाच महिने मानधन नव्हतं. निधीचा हप्ता आला नव्हता. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी गेले तेव्हा गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, म्हणजे फळं-पानं आणायला बाबांनी माझ्याच हातात पैसे ठेवले. आई शेजारच्यांना सांगत होती, "आमची चली (मुलगी) युनिव्हर्सिटींत सायंटिस्ट." मी आत जाऊन बसले. काम आवडतं म्हणून मी टिकून आहे. पण पाच महिने पगार नसलेल्या माणसाला 'करिअरचा विचार करा' म्हणून सांगायला गेलं तर त्याला ते ऐकूच येत नाही.

दुसरं म्हणजे, पीएचडीला नोंदणी करायची की नाही हे मला पहिल्या वर्षी कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आता वाटतं, ती दोन वर्षं नोंदणीत मोजली गेली असती.

जमाखर्च

आबोली, बाळ, मी ३१ वर्षं हिशेब विभागात काढली. आता निवृत्त आहे. पैसे का अडकतात ते सांगतो, कारण ते समजलं की विचारायचं कुणाला तेही कळतं.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. झालेल्या खर्चाचं विवरण आणि सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, दिल्लीला गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. यूसी निघतं तीन सह्यांवर: पीआय म्हणजे प्रकल्पप्रमुख, हिशेब विभाग आणि संस्थाप्रमुख. एखादं बिल राहिलेलं असतं, एखादा आगाऊ घेतलेला पैसा जमा झालेला नसतो, आणि कागद टेबलावर पडून राहतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जायला हवं ते जुलैत जातं. मग हप्ता चवथीनंतर. मी स्वतः असे कागद अडकलेले पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर काही माझ्याही टेबलावर अडकले. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी भाडं थकतंय, हे तेव्हा डोळ्यांसमोर नव्हतं.

पीआय मंडळींना माझी विनंती आहे की फेब्रुवारीतच खर्च जुळवायला घ्या. आणि प्रकल्पाबरोबर संस्थेला ओव्हरहेड म्हणून रक्कम मिळते, त्यातून प्रकल्पावरच्या मुलांचं मानधन आगाऊ देऊन हप्ता आला की वळतं करून घेता येतं. त्यासाठी संस्थेने एकदा ठराव करायला हवा. तो ठराव मागा.

जेआरएफवर, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपवर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आदेशाप्रमाणे १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोला, ४२,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. पण दोन वर्षं झाली म्हणून एसआरएफ आपोआप होत नाही, त्यासाठी समिती बसून कामाचा आढावा घेते. समिती कुणी बोलावलीच नाही तर महिने असेच जातात. दोन वर्षं पुरी होण्याच्या दोन महिने आधी तुम्ही स्वतः अर्ज टाका, आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

डिचोलीची_लेक

जमाखर्च काका, बाळंतपणाच्या रजेबद्दलही लिहा ना. आमच्याकडे एकीला "प्रोजेक्टवाल्यांना नसते" म्हणून सांगितलं आणि तिने काम सोडलं.

जमाखर्च

"नसते" हे ऐकून घेऊ नये. मातृत्व लाभाच्या कायद्याला कायम आणि कंत्राटी हा भेद मान्य नाही. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू होतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहेत. मुदतीच्या कंत्राटावरच्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की कंत्राट मध्येच संपलं तरी हा लाभ पूर्ण द्यावा लागतो. पीएचडी करणाऱ्या मुलींसाठी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत संपूर्ण काळात मिळून २४० दिवस आहेत. अर्ज लेखी करा. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही.

सड्यावरचा

मी आत्ता विद्यापीठाबाहेर आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. पाच वर्षं दोन प्रकल्पांवर काढली, तिसरा मिळाला नाही. चौदा महिने घरी होतो. विभागात सगळ्यांना एकच वाट माहीत होती: पीएचडी, मग पोस्टडॉक, मग प्राध्यापक. त्या वाटेवर जागा किती निघतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दुसरी वाट सांगणारं कुणी नव्हतं.

आता मी पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या कंपनीत आहे. मुलाखतीत शोधनिबंध कुणी विचारले नाहीत. विचारलं ते असं: गावात जाऊन लोकांशी बोलता येतं का? कोकणी, मराठी दोन्ही येतात का? वीस पानांचा तांत्रिक अहवाल दोन पानांत लोकांना समजेल असा लिहाल का? २००६ च्या ईआयए अधिसूचनेत जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, आणि तो नीट लिहिणारी माणसं मिळत नाहीत. चार पावसाळे मी बांधांवर फिरून शेतकऱ्यांशी बोललो होतो. मानस म्हणजे काय, तिच्या फळ्या कोण घालतो, लिलाव कुणाचा, मासे कुणाचे, हे मला पाठ होतं. ते माझ्या बायोडेटात एका ओळीतही नव्हतं! तिथल्या एका वरिष्ठांनी मला बसवून बायोडेटा परत लिहायला लावला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी पाच वर्षांत किती शिकलोय.

या क्षेत्रात नॅबेट या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेखाली विषयवार तज्ज्ञ लागतात: पाणी, जैवविविधता, जमिनीचा वापर वगैरे. अनुभवाचे दाखले तिथे बारकाईने बघतात. खाजनकाठ मॅडम, तुमच्या त्या पत्राची किंमत म्हणूनच इतकी मोठी आहे.

प्रकल्पावरच्या मुलांना माझं सांगणं: वर्षातून एकदा तरी विद्यापीठाच्या पठारावरून खाली या. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतले गुणवत्ता विभागवाले, साळगावचं जैवविविधता मंडळ, प्रदूषण मंडळाची प्रयोगशाळा, यांच्यापैकी कुणाशी तरी बोला. नोकरी मागायला नको, नुसतं "तुम्ही दिवसभर काय करता" एवढं विचारायला. दहा दिवसांतला एक दिवस याला द्या.

विभाग_दुसरा_मजला

इथे सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मीही पीआय आहे. सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या नियमांनी आठवड्याला १६ तास शिकवणं आहे. त्यावर परीक्षा, नॅक, प्रवेश, समित्या. प्रकल्प तीन वर्षांचा, त्यातले पहिले सहा महिने माणूस आणि उपकरण मिळवण्यात जातात. निधी देणारे अहवाल मागतात तो कामाचा, माझ्या असोसिएटच्या करिअरचा नाही. त्यात मी तिला दहा दिवस देऊ, इतर ठिकाणी भेटी घडवू, अर्ज लिहायला शिकवू, आणि ती दुसऱ्या वर्षी चांगली नोकरी धरून निघून जाईल. मग उरलेलं काम कोण करणार? नवा माणूस घ्यायचा तर जाहिरात, मुलाखत, तीन महिने गेले. मला त्या मुलांचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नाही, पण हे गणित कुणीतरी सोडवून दाखवा.

खाजनकाठ

सर, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून हा विषय पुढे जाणार नाही.

हो, ती जाईल. माझी आत्ताची असोसिएट प्रकल्प संपायच्या चार महिने आधी जाणार आहे, परवाच तिने सांगितलं. मला धक्का बसला नाही, कारण तिमाही कागदावर तिने 'इतरत्र अर्ज करते आहे' असं जानेवारीतच लिहिलं होतं. त्यामुळे आम्हाला वेळ मिळाला. तिने कामाची वही तयार केली आहे: प्रत्येक पद्धत पायरीपायरीने, कुठली चाळणी कुठे ठेवली आहे, कुठल्या बाटलीवरचं लेबल पुसट झालंय, कुठला होडीवाला ऐनवेळी फोन उचलत नाही. एमएस्सीची एक मुलगी तिच्या शेजारी बसून शिकते आहे. आधीच्या वेळी माझी असोसिएट शेवटच्या दिवसापर्यंत थांबली, आणि तिच्याबरोबर सगळी माहितीही गेली. एक नमुना कुठे आहे ते शोधायला मला जुलै उजाडला.

मोकळेपणाने जाता येत नसेल तर मुलं लपवून अर्ज करतात. मग आपल्याला एका सोमवारी सकाळी राजीनाम्याचा ईमेल येतो. तुमचे खरे तीन महिने तिथे जातात.

सोळा तासांबद्दल काय बोलू, मी स्वतः तेच भोगते आहे. त्यासाठी संस्थेनेच हलायला हवं. माझा तासभर दर तीन महिन्यांनी जातो, तेवढा मी काढते. बाकीचं, म्हणजे कार्यशाळा, मुलाखतीचा सराव, बाहेरच्या लोकांशी गाठ, हे एकेका पीआयने करायचं कामच नाही. आपल्या गोव्यात हे एकत्र करणं किती सोपं आहे बघा. ताळगाव पठारावर विद्यापीठ, खाली दोनापावलाला एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था, पाण्यापलीकडे वास्कोत ध्रुवीय संशोधन केंद्र, झुआरीनगरला बिट्स, जुन्या गोव्यात कृषी संशोधन संस्था, फर्मागुडीला आयआयटी. या सगळ्यांतली प्रकल्पावरची मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. महिन्यातून एका शनिवारी एका ठिकाणी भेटायचं ठरवलं, तर ज्याला मुलाखतीला जायचंय त्याला तिथूनच निवडून आलेला कुणीतरी भेटेल.

विभाग_दुसरा_मजला

कामाच्या वहीचं पटलं. जानेवारीतच कळणं हेही. शनिवारच्या भेटीला आमचा सेमिनार हॉल मिळवून देऊ शकतो, तेवढं माझ्याकडे लागलं.

कांदवी

इथे सगळी चर्चा प्रयोगशाळेची चाललीय म्हणून भाषा-इतिहासवाल्यांची बाजू मांडते. आमच्याकडेही प्रकल्प असतात, आमच्याकडेही संशोधन सहायक असतात, फक्त त्यांची संख्या कमी आणि मुदत आणखी छोटी. अकरा महिने, कधी सहाच.

मी पणजीच्या पुराभिलेखात दोन वर्षं गावकारीची, म्हणजे गोव्यातल्या जुन्या ग्रामसंस्थांची, कागदपत्रं वाचली. गोंयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीतली अक्षरं लावता लावता पहिले तीन महिने डोळे दुखायचे. एखाद्या पानावर कसर लागून मधली अर्धी ओळ गेलेली असते, मग त्याच लेखकाच्या दुसऱ्या पानावरचा 'क' आणि 'त' शोधून ती जुळवायची. एक पान पूर्ण लागायला कधी आठवडा गेलाय. त्या लिप्यंतरावर पुढे एक निबंध उभा राहिला, आणि त्यात माझं नाव तळटीपेतल्या आभारात होतं. विज्ञानवाल्यांकडे निदान सहलेखक म्हणून नाव घालायची पद्धत तरी आहे. आमच्याकडे वाचणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, आणि वाचणाऱ्याचं काम म्हणजे हमाली असं धरून चालतात. गोंयकानडी वाचणारी माणसं आज किती उरलीत? ज्याने हे शिकून घेतलं त्याला पुढच्या प्रकल्पासाठी पुन्हा 'नवखा' म्हणून उभं राहावं लागतं.

मॅडम, तुमच्या कागदावर एक ओळ आमच्यासाठी घाला: यातून जे छापलं जाईल त्यावर कुणाचं नाव कुठे येणार. हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यायचं.

खाजनकाठ

कांदवीताई, घातली. आजच. विज्ञानात यासाठी क्रेडिट नावाची पद्धत आहे, त्यात योगदानाचे १४ प्रकार आहेत: कल्पना कुणाची, मोजणी कुणी केली, डेटा कुणी सांभाळला, पहिला मसुदा कुणाचा असे. बरीच नियतकालिकं ते छापतात. लिप्यंतर, लिपी लावणं, प्रतींची तुलना हे प्रकार तुमच्या क्षेत्रातल्या कुणीतरी अशाच रीतीने मांडायला हवेत. तुमच्याइतकं ते कोण जाणणार?

रायबंदर_फेरी

हा विषय निघाला की मला दामोदर कोसंबी आठवतात. कोसबेचा माणूस, गणिती, नाण्यांचा अभ्यासक, इतिहासकार. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचे. १९६२ मध्ये त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. तेव्हा अनिश्चितता काही आजची नाही, आणि मोठ्या माणसांनाही ती चुकली नाही.

आबोली_७

दादा, तुम्ही धीर द्यायला लिहिलंत हे समजतं. पण कोसंबींना तेव्हा जग ओळखत होतं, आणि तरी सीएसआयआरची सन्माननीय शास्त्रज्ञाची जागा मिळायला १९६४ उजाडलं. आम्हाला विभागाबाहेर कुणी ओळखत नाही. त्यांच्यासारख्या माणसालाही दोन वर्षं लागली, तर व्यवस्था बदलायला हवी असंच मला त्यातून वाटतं.

रायबंदर_फेरी

बरोबर आहे तुझं. मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

डिचोलीची_लेक

माझा अनुभव सेट-नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी बंधनकारक नाही. आमच्या विभागात प्रकल्पावरच्या चौघींपैकी तिघींनी परीक्षा दिलीच नव्हती, कारण आधी "प्रोजेक्टचं काम होऊ दे" आणि नंतर "आता पीएचडी होऊ दे". नेट असेल तर कित्येक प्रकल्पांत मानधनही जास्त मिळतं, हे मला रुजू झाल्यावर वर्षाने कळलं. सेट गोव्यातच देता येते, परीक्षेसाठी राज्याबाहेर जायची गरज नाही. पीआयनी परीक्षेआधी दोन आठवडे मोकळे दिले तर ते त्या दहा दिवसांतच बसतात.

आणि इथल्या सरकारी कॉलेजांच्या जाहिराती नीट वाचा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोकणी येणं आवश्यक असतं, मराठी आली तर बरं असं लिहिलेलं असतं. दाखला काढायला मामलेदार कार्यालयात खेपा पडतात. जाहिरात निघाल्यावर धावू नका, आत्ताच काढून ठेवा. लेक्चर बेसिसवर शिकवत असाल तर दर सत्राचं पत्र त्याच सत्रात घ्या. मी तीन वर्षांनी मागायला गेले तेव्हा प्राचार्य बदलले होते आणि हजेरीचा रजिस्टर सापडत नव्हता.

सड्यावरचा

+१. आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे निबंध त्यामुळे विखुरत नाहीत.

आबोली_७

खाजनकाठ मॅडम, तो कागद इथे टाकाल का? आमच्या सरांना दाखवते. ते माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांना कुणी असं काही दाखवलेलं नसावं.

खाजनकाठ

छापील नमुना असा नाहीच, वहीचं एक पान आहे. सगळ्यात वर प्रकल्प संपण्याची तारीख, मोठ्या अक्षरात. खाली तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचं की त्या तारखेनंतरच्या सोमवारी ती कुठे असावी असं तिला वाटतं. 'माहीत नाही' हेही उत्तर चालतं, पहिल्या वेळी बहुतेक तेच असतं. मग त्या सोमवारसाठी काय लागेल: पदवी, परीक्षा, निबंध, गाडी चालवण्याचा परवाना, काहीही. (परवाना थट्टेने लिहिलेला नाही. फील्डवर एकटीने गाडी नेता येते म्हणून एकीची निवड झाली आहे.) पीएचडीची नोंदणी करायची का, करायची तर कोणत्या महिन्यात. नेट-सेट कधी. दहा दिवस कोणते, तारखांसह. छापून येणाऱ्या कामात नाव कुठे. आणि पानाच्या मागे दर तिमाहीला तिने नवीन काय शिकलं, कुणाला काय शिकवलं, त्याची नोंद, आकड्यांसकट. किती नमुने, किती विद्यार्थी, कोणतं यंत्र. अनुभवाचं पत्र त्या मागच्या बाजूवरून लिहायचं. दोघींच्या सह्या, एक प्रत तिच्याकडे.

आणि हो, त्या पहिल्या मुलीचं पत्र मी नव्याने लिहिलं. दीड पान झालं. कार्यालयातून विचारणा आली की एकाच व्यक्तीला दुसरं पत्र कसं द्यायचं, आधीचं रद्द करायचं का. आधीचं परत घेऊन नवं द्यायचं ठरलंय. अजून सही व्हायची आहे, उद्या पुन्हा जाते.

जमाखर्च

आधीचं रद्द करू नका. 'मूळ पत्रास पूरक' असं शीर्षक द्या आणि मूळ पत्राचा जावक क्रमांक व तारीख लिहा. कुणाचीच हरकत येणार नाही.

खाजनकाठ

काका, देव बरें करूं. हे मला सुचलंच नसतं. उद्या तसंच करते.

आबोली_७

मी सरांची शुक्रवारी तीनची वेळ घेतली आहे. कागद मराठीत लिहिला तर चालेल ना? इंग्रजीत लिहायला बसले की मी दुसऱ्याच कुणाची तरी इच्छा लिहिते आहे असं वाटतं.

खाजनकाठ

मराठीतच लिही. पत्र इंग्रजीत करायचं काम सरांचं. आणि सप्टेंबरची तारीख सगळ्यात वर घालायला विसरू नकोस.